दुबईत शिवलेली जाखडी

१५ नोव्हेंबर १९९९. मी चकल्यांचे डबे भरत होते. दिवाळी संपून आठवडा होत आला होता, पण माझी धाकटी बहीण सुषमा दुबईत राहते आणि तिच्याकडे फराळ पोचेल तेव्हा तिची दिवाळी, असा आमच्या घरचा हिशेब आहे. अनारसे वगळले होते. त्यांना खसखस लागते आणि खसखस त्या देशात चालत नाही, विमानतळावरच अडवतात, हे तिनं फोनवर दोनदा बजावलं होतं. दोन डब्यांमधल्या फटीत मी छापील कागदांचे गठ्ठे ठोकून बसवत होते. चकलीचं तेल कागदाला लागू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिक घातलं.

हे कागद काय होते ते आधी सांगते. रत्नागिरीत आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षाकाठी एखादा कवितासंग्रह. सुषमानं महिनाभर आधी फॅक्सवर एक हस्तलिखित गाणं पाठवलं होतं. खाली तिचं अक्षर : ‘ताई, वरच्या मजल्यावरच्या एका कवीला हे हवंय. मल्याळम, उर्दू, हिंदी इथे होतं, मराठी कंपोझ करणारं कुणी नाही. छापूनच आण.’ गाणं जाखडीचं होतं (गणपतीत पायात घुंगरू बांधून, गोल नाचत, दोन पार्ट्यांनी चढाओढीनं म्हणायची आमच्या कोकणातली गाणी). मी ते कंपोझ केलं, तपासलं, छापलं आणि चकल्यांबरोबर भरलं.

दुबईच्या विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं नेमका तोच गठ्ठा बाहेर काढला. एक पान उलटं धरून बराच वेळ पाहिलं.

“धार्मिक आहे?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“नाही. उन्हावरचं गाणं आहे.”

त्यानं शेजारच्याला अरबीत काहीतरी सांगितलं, दोघं हसले. “आमच्याकडे ऊन पुष्कळ आहे, मॅडम. बाहेरून आणायची गरज नाही. खलास, जा.” खलास म्हणजे झालं, संपलं. पुढच्या दहा दिवसांत हा शब्द मी इतका ऐकला की रत्नागिरीला आल्यावरही कंपोझिटरला खलास म्हणायला लागले.

सुषमाचं घर करामा भागात होतं. आजची दुबई पाहून आलेले लोक जे सांगतात, ते तेव्हा तिथे नव्हतं. करामात तीन-चार मजली, मळखाऊ रंगाच्या इमारती, खाली शिंपी, केरळी चहावाले, साडीची दुकानं. संध्याकाळी गॅलरीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि कुठल्या घरात सांबार आहे, कुठे आमटी, ते वासावरून सांगता यायचं. मेहुणे विलासराव बँकेत. भाजीवाल्याशी हिंदीत, बॉसशी इंग्रजीत आणि टॅक्सीवाल्याशी तिन्ही भाषांत भांडायचे. भाची केतकी चौदा वर्षांची. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मासळीबाजारात गेले. सुरमई रत्नागिरीइतकीच ताजी होती, पण दिरहममधला भाव रुपयांत सांगून विलासरावांनी माझ्या तोंडची चव घालवली. मग अबऱ्यात (खाडी ओलांडायची लाकडी होडी) बसून पलीकडे गेलो. होडीला कठडा नाही. मध्यभागी फळकुटं, त्यावर पाठीला पाठ लावून माणसं. डिझेलचा वास, पाण्यावर सीगल. माझ्या शेजारी एक जण डब्यातली मुगाची उसळ खुबुसाबरोबर (अरबी रोटी) खात होता. त्यानं मला विचारलं, “गाव कंचं?” मी सांगितलं. “मग आपलीच की,” म्हणाला आणि उसळ पुढे केली. त्या शहराची आठवण काढली की मला काचेची एकही इमारत आठवत नाही, ती उसळ आठवते.

वरच्या मजल्यावरचा कवी संध्याकाळी भेटला. सुषमानं जिन्यातच सांगून ठेवलं होतं, “अमेरिकन म्हणजे गोरा समजू नकोस. आपल्या विलासच्याच रंगाचा आहे. वॉचमन त्याच्याशी मल्याळममध्ये बोलतो.”

त्याचं नाव रूबेन. पंचेचाळिशीचा, बुटका, जाड मिशा, डोळ्यांवर दोरीनं अडकवलेला चष्मा. एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला दोन वर्षांच्या करारावर आला होता. स्वतःला चिकानो म्हणायचा. मी अर्थ विचारला. म्हणाला, “अमेरिकेत वाढलेले मेक्सिकन. आधी ही शिवी होती. आम्ही ती उचलली, धुतली आणि अंगात घातली.” त्याचे आईवडील कॅलिफोर्नियात दुसऱ्यांच्या मळ्यात द्राक्षं तोडायचे. तो शाळकरी वयात त्यांच्या मोर्च्यांत फलक रंगवायचा, मग ट्रकच्या फळीवर उभा राहून कविता म्हणायला लागला आणि पुढे मित्राच्या गॅरेजमध्ये त्यानं छापखाना काढला. मजुरांच्या कविता, मजुरांच्या नावानं.

“आधीच्या पुस्तकांत खाली ‘एक शेतमजूर’ एवढंच असायचं,” तो म्हणाला. “माझ्या आईला नाव होतं.”

इथे तो शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मजुरांना इंग्रजी शिकवायला जायचा. शिकवता शिकवता त्यांची गाणी गोळा झाली. चार भाषांतली आठ-दहा गाणी, समोरच्या पानावर इंग्रजी भाषांतर, अशी पुस्तिका त्याला करायची होती. थोड्याच प्रती. गाणी देणाऱ्यांना, वर्गातल्यांना आणि काही त्याच्या गावी. पण इथे त्यानं एकाचंही नाव घातलं नव्हतं. विलासरावांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, “इथे माणसाचा व्हिसा कंपनीच्या हातात असतो. नावं छापशील तर त्यांना गावी पाठवशील.” आयुष्यभर नावं छापण्यासाठी झगडलेल्या माणसाला स्वतःच्या हातानं ती गाळावी लागली. ते त्याला लागलं होतं. तो ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचा.

गुरुवारी आम्ही त्याच्या खोलीत बाकीच्या तीन भाषांची तयार पानं घड्या घालून शिवायला बसलो. त्याची शिवण पाहून मी सुई काढून घेतली. “पाठीत तीन भोकं पुरेत. मधल्यातून सुरू करायचं, मधल्यातच गाठ मारायची. तुम्ही गोधडी शिवताय.”

“माझ्या छापखान्यात सगळे अशीच शिवायचे.”

“म्हणून पानं सुटत असतील.”

“सुटायची,” त्यानं कबूल केलं.

काम करताना बोलणं होतंच. मी विचारलं, घरी कोण? तो म्हणाला, डॅनियल. भाऊ का, तर नाही. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. “आम्ही एकत्र राहतो. बरीच वर्षं. नवरा-बायको राहतात तसे.”

मी दोरा ओढून गाठ मारली. मला काय वाटलं ते तपासत बसले नाही; हातात काम होतं. “त्याला स्वयंपाक येतो का?”

“अजिबात नाही.”

“मग दोन वर्षं तो खाणार काय?”

रूबेन इतका हसला की सुई बोटात गेली. बोट चोखत त्यानं सांगितलं की पहिल्या पुस्तकात त्यानं हे सगळं लिहिलं होतं, स्वतःच्या नावानं. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण गावातल्यांनी वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तक फेकलं नाही. फळीवर ठेवलं, पण नावाची बाजू भिंतीकडे करून. ते वारल्यावरच रूबेननं ते सरळ केलं. नंतर एड्सची वर्षं आली, त्याचे मित्र एकामागून एक गेले. कुणाच्या घरच्यांनी मृत्यूच्या बातमीत जोडीदाराचं नाव घातलं नाही. हा त्या त्या मित्राच्या कवितांची पुस्तिका छापायचा आणि आत दोघांची नावं घालायचा. “इथे मात्र मी कुणाला काही सांगत नाही,” तो म्हणाला. “इथे मीसुद्धा नाव नसलेलं पान आहे.” मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा, पण घडी नीट घाला.

शुक्रवारी सकाळी केतकी वर आली. मराठी गाण्याचं भाषांतर तिनं केलं होतं, शेवटचं कडवं राहिलं होतं. ती जमिनीवर पालथी पडून लिहीत होती.

“मावशी, धिस इज सो कूल. शेवटी तो साइन करतो!”

“कोण साइन करतो?”

तिनं इंग्रजीतून वाचलं, ‘आंबेकोंड गावचा अनंता हे गातो आहे, बुवांचा शिष्य, न भिता.’

रूबेनचा हात थांबला. “अनंता? माझ्या वर्गातला?”

जाखडीचा कवी शेवटच्या कडव्यात आपलं आणि आपल्या गुरूचं नाव गुंफतो. गुंफलं नाही तर गाणं पुरं झालंसं कुणाला वाटत नाही. सुषमानं ते गाणं रूबेनच्या टेपवरून उतरवून घेतलं होतं, विलासरावांनी फॅक्स केलं होतं, मी अक्षर न् अक्षर तपासलं होतं. मुखपृष्ठावर नाव नाही ना, हे तिघांनीही पाहिलं होतं. आणि कडव्यातलं नाव आम्हाला नाव वाटलंच नव्हतं. ते आम्हाला चालीचा भाग वाटतं. इंग्रजीत गेल्यावर ते नाव झालं.

आणि गाणं होतं कॅम्पवर. सुरुवातच अशी :

*सूर्य आमचा मुकादम, कधी रजा ना घेई*
*कॅम्प बॉसला पुसा कुणी, सावली ठेवली कुठं बाई*
*कुलपात ठेवली सावली त्यानं, चावी खिशात घाली*
*दुपारी बारा वाजता आमची पायताणं वितळून गेली*

कॅम्प बॉस म्हणजे मजुरांच्या वसाहतीचा कारभारी. तो उत्तर हिंदुस्थानी, देवनागरी सहज वाचणारा. पुस्तिका त्याच्या हातात पडली तर आंबेकोंडचा अनंता शोधायला त्याला पाच मिनिटं लागली नसती.

“शेवटचं पान फाडू या,” खालून बोलावून आणलेले विलासराव म्हणाले.

“त्याला विचारल्याशिवाय नाही,” रूबेन म्हणाला. “यल्ला.” म्हणजे चला.

अल कूझच्या पलीकडे, गोदामांच्या मागे तो कॅम्प होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. लांबलचक पत्र्याच्या खोल्या, दारांबाहेर चपलांचे ढीग, दोरीवर एकाच रंगाचे कामाचे कपडे. सुट्टी असल्यानं सगळीकडे फोडण्या चालल्या होत्या. कोळंबीचं कालवण शिजत होतं. एक जण रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून बसला होता, ढोलकीची हौस त्यावर भागवत.

अनंतराव सळया बांधायच्या कामावर होते. चाळिशीचे, सडपातळ, ओठात हसू दाबून बोलणारे. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, स्वतः डब्यावर बसले. मी सगळं सांगितलं.

“मंग ऱ्हाऊ दे की नाव,” ते म्हणाले.

“राहू दे? कॅम्प बॉसनं वाचलं तर?”

“वाचंल तर शहाणा हुईल.” खोलीतले सगळे हसले. मग ते गंभीर झाले. “ताई, नाव काढलं तर गाणं बेवारशी झालं. समोरच्या पार्टीचा शाहीर उद्या त्याचं नाव घालून म्हणंल. मी काय करू?”

खाटेवर मागे बसलेला एक म्हातारासा माणूस म्हणाला, “आणि पोरीचं काय करशील? नर्सिंगचं शिकतेय ती. तुला परत धाडलं तर तिला घरी बशिवणार काय?”

अनंतराव त्याच्याकडे वळले नाहीत. मला म्हणाले, “ह्या सायबांना इचारा, त्यांच्या पुस्तकावर त्यांचं नाव हाय का?”

मी विचारलं. रूबेन म्हणाला, आहे.

“नाव घातल्यानं काय तोटा झाला?”

“वडील बोलायचे बंद झाले. कामं गेली.”

“तरी घातलं?”

“तरी घातलं.”

“मंग मला का नको म्हनतात?”

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा रूबेनचा चेहरा लाल झाला. “त्याला सांगा, मी माझ्या देशात होतो. माझं कुणी काहीही केलं तरी मला उचलून विमानात बसवू शकत नव्हतं. याला बसवतील. मी जन्मभर उलटं सांगत आलो, पण आज मी याच्या नावाच्या विरुद्ध आहे.”

अनंतरावांनी ते ऐकलं. बराच वेळ ते डब्याच्या कडेवर बोटं वाजवत राहिले. कालवण उतरवलं गेलं, ताटल्या मांडल्या गेल्या. मग एकदम हसले.

“बुवांचं नाव घाला.”

“कोणाचं?”

“माझे गुरू. कुंभारटेपचे धोंडूबुवा. गेले ते, चार वर्सं झाली. मेलेल्या मानसाचा व्हिसा कोन कॅन्सल करनार?”

पत्र्याची खोली दणाणली. तो म्हातारासुद्धा हसला. मी रूबेनला सांगितलं, तोही हसला, पण लगेच त्याच्यातला प्रकाशक जागा झाला. “बुवांच्या घरच्यांची परवानगी?”

“लागंल,” अनंतराव म्हणाले. “शिष्यानं गुरूच्या नावावर गाणं घालायचं तर त्यांच्या घरात नारळ ठेवावा लागतो. बुवांची बायको हाय. ताई, तुमी रत्नागिरीच्याच ना? माझ्या वतीनं ठेवाल?”

मी हो म्हटलं. त्यांनी तिथेच, जेवता जेवता, शेवटच्या दोन ओळींतली दुसरी नव्यानं बांधली :

*परक्यांसाठी बांधले इमले, आपलं घर कौलाविना*
*कुंभारटेपचे धोंडूबुवा गातात आता भीतीविना*

जेवण झाल्यावर डब्याचा ठेका पुन्हा सुरू झाला आणि अनंतरावांनी गाणं म्हणून दाखवलं. आवाज चढा, घशातून येणारा, उघड्यावर कमावलेला. सगळे कडव्याच्या शेवटी झील धरत होते. म्हणताना मात्र त्यांनी शेवटची ओळ जुनीच म्हटली. आपलं नाव घेताना जरा जास्तच खणखणीत.

आता ओळ बदलायची कशी? दुबईत मराठी टाइप नाही. हातानं लिहिलेली ओळ छापील गाण्याखाली परकी दिसली असती. मग आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर यायच्या आधी चुका दुरुस्त करायचो, तशी केली. जादा प्रतीतून ब्लेडनं अक्षरं कापली, चिमट्यानं उचलून एकेक चिकटवलं. ‘भीतीविना’ तयारच होतं. ‘धों’ कुठेच सापडेना. ‘कोंड’मधली मात्रा, काना, अनुस्वार काढून भलत्याच शब्दातल्या ‘ध’ला लावले. केतकी श्वास रोखून अक्षरं शोधत होती आणि पहिल्यांदाच सबंध दुपार माझ्याशी मराठीत बोलली. “मावशी, एक ‘टे’ मिळाला! नको, तो ‘ठे’ आहे.” तयार पान करामातल्या टायपिंगच्या दुकानात झेरॉक्स केलं. जुनी पानं सुषमानं चुलीवर, म्हणजे गॅसवर, एकेक करून जाळली आणि धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत जिन्यात आली, तो वेगळाच तमाशा.

निघायच्या आदल्या दिवशी पुस्तिका पूर्ण झाल्या. रूबेननं एक माझ्या हातात ठेवली. आत छापखाना, प्रकाशक, कवी, कुणाचंच नाव नाही, फक्त एका मेलेल्या शाहिराचं. “माझ्या आयुष्यातलं सर्वांत खोटं पुस्तक,” तो म्हणाला. मी म्हटलं, पण शिवण पक्की आहे.

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. माझ्या मागच्या रांगेत सुट्टीवर निघालेली आमच्याकडची मुलं होती. एकमेकांना गावच्या नावांनी हाका मारत होती. छापखाना चालवताना मी हजारो नावं छापली आहेत. वधूवरांची, संचालकांची, देणगीदारांची. नाव चुकलं तर लोक भांडायला येतात, एवढीच मला नावाची किंमत ठाऊक होती. ती नीट छापली की माझं काम संपतं असं मी समजत होते. नाव मागे ठेवून जगणाऱ्या दोन माणसांशी एकाच आठवड्यात गाठ पडल्यावर तसं राहिलं नाही. पुढे रूबेन करार संपवून डॅनियलकडे परत गेला. करामातली ती इमारतही पाडली म्हणे. पण त्या दिवसांची आठवण निघाली की सुषमा फोनवर अजून ती चाल गुणगुणते.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना नवऱ्यावर सोपवला, स्टँडवर एक नारळ घेतला आणि एसटी पकडली. कुंभारटेपला उतरून वीस मिनिटं चढ. धोंडूबुवांच्या बायको अंगणात नाचणी पाखडत होत्या. वय झालेलं, पण सुपाचा झटका माझ्यापेक्षा जोरदार. मी नारळ पुढे ठेवला, पुस्तिका काढली, काय झालं ते सांगितलं.

“वाचा,” त्या म्हणाल्या. पाखडणं थांबलं नाही.

मी वाचलं. चाल मला येत नाही, नुसतं वाचलं. सावली कुलपात ठेवल्याच्या ओळीला त्यांचं सूप थांबलं. शेवटचं कडवं ऐकून त्या मान हलवत हसल्या.

“हे ह्यांचं न्हाय. ह्यांना असं तिरकं जमायचं न्हाय. हा अनंत्या. पयल्याच ओळीला कळलं.”

मग त्यांनी हात पदराला पुसले, नारळ उचलला आणि आत देवापाशी नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाल्या, “त्याला सांगा, गानं आमच्याकडं ठेवलंय. कामं उरकून ये आणि तुझं तू घेऊन जा.”

परतताना तालुक्याच्या स्टँडवर उतरून मी एसटीडी बूथमध्ये शिरले आणि सुषमाला फोन लावला. निरोप तिला शब्दशः लिहून घ्यायला लावला. अनंतरावांना तसाच सांग म्हटलं, आणि इंग्रजी करून वरच्या मजल्यावर रूबेनलाही दे.